व्हीलचेअर वाळूत रुतते तेव्हा: पुळणीवर सगळ्यांना खेळता यावं म्हणून काय काय करावं लागतं

मामेभावाला पहिल्यांदा पुळणीवर नेलं तेव्हा आमची तयारी म्हणजे चार दणकट पोरं, बस्स. डांबरी रस्ता संपला, वाळू लागली, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं सहा फुटांत रुतली आणि खुर्ची पुढे कलंडायला लागली, मग चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं पालखीसारखं आणि नेऊन सुरूच्या सावलीत ठेवलं. आम्ही दोन तास व्हॉलीबॉल खेळलो, त्याच्या हातात स्कोअरची वही. परत येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मला घरीच ठेवा रे, देव्हाऱ्यात बसवायला एवढ्या लांब कशाला आणता."

त्यानंतर बऱ्याच वेळा गेलो, दरवेळी काहीतरी चुकलं, काहीतरी जमलं. आता कोणी विचारलं की फोनवर तेच तेच सांगत बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. डोळ्यासमोर कोकणचा किनारा आहे, ग्रामपंचायतीच्या, मंडळाच्या, कॉलेजच्या आवाक्यातलं काम धरलंय, लाखोंचं बजेट नाही.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात घ्या, खेळ कुठला हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी माणसं, मग वेळ, मग संडास, मग वाळूतला रस्ता, मग खेळ. आम्ही बरोबर उलटं केलेलं.

माणसांना विचारा, त्यांच्या आईला नाही

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत. व्हीलचेअर डोळ्यात भरते म्हणून सगळे रॅम्प रॅम्प करत बसतात, पण तुमच्याकडे येणाऱ्यांत कमी दिसणारे असतील, ऐकू न येणारे असतील, सेरेब्रल पाल्सीवाले (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर ताबा कमी असणारे), ऑटिझमवाली मुलं, जयपूर फूट लावलेले काका असतील, आणि प्रत्येकाचं वाळूशी भांडण वेगळं असतं. तेव्हा महिनाभर आधी प्रत्येकाला फोन करा. फोन आईने किंवा भावाने उचलला तरी बोलणं शक्यतो त्या माणसाशीच करा. ऐकू येत नसेल तर मेसेज किंवा व्हिडिओ कॉल.

विचारायचं काय? जमिनीवर बसता येतं का, खुर्चीतून खाली उतरायला एक माणूस लागतो की दोन. संडासला जायला काय लागतं. फिट येते का, शेवटची कधी आली. कुठे स्पर्श कळत नाही असा भाग आहे का. पाण्यात जायचंय का, की नुसते पाय भिजवायचेत. आणि शेवटचा प्रश्न, जो आम्ही पहिल्या वर्षी विचारलाच नव्हता, तुम्हाला खेळायचं काय आहे? एका मुलीने सांगितलं मला खेळायचंच नाहीये, मला अंपायर करा, नियम मला पाठ आहेत. केली, आणि इतकी कडक निघाली की पोरं तिला टरकून असायची.

ही माहिती दोघातिघांकडेच ठेवा हां, व्हॉट्सअप ग्रुपवर कोणाची कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, गोष्ट टाकू नका.

परवानगीचं पण याच वेळेला उरका. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, पोलिस ठाणं, बंदर खात्याचं ऑफिस. अर्जात त्याच कायद्याचं कलम ३० लिहा, खेळात भाग घेण्याबद्दल आणि त्यासाठी सोयी बदलण्याबद्दल आहे ते, म्हणजे तुम्ही उपकार मागताय असं वाटत नाही. घोडागाडीवाले, जेट स्कीवाले आणि मच्छीमार सोसायटी यांना मात्र प्रत्यक्ष जाऊन चहा पिऊन सांगा, चार तास एवढा पट्टा मोकळा ठेवा म्हणून. अर्जाने ते हलत नाहीत.

तिथी बघून तारीख काढा

इथे हसू नका. वाळूचे दोन प्रकार असतात, वरची कोरडी भुसभुशीत आणि खालची ओली घट्ट. आपला खेळ खालच्या घट्ट वाळूवर, आणि ती मोकळी होते फक्त ओहोटीला. रविवार बघून तारीख ठरवली आणि त्या दिवशी सकाळी नऊला भरती निघाली की संपलं, सगळा कार्यक्रम भुसभुशीत वाळूत.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तीनला भरती, त्याच्या साधारण सहा तास अलीकडेपलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला पाणी सगळ्यात आत. सकाळी सात ते अकराच्या खेळाला याहून चांगलं काही नाही. तेच एकादशी धरली तर सव्वाआठला भरती, झाले बारा वाजले. गावागणिक हे थोडं मागेपुढे होतं, त्यामुळे तिथीवरून अंदाज काढा आणि पक्कं करायला भरती-ओहोटीचा तक्ता बघा, आणि शक्य झालं तर आठवडाभर आधी त्याच वेळेला स्वतः जाऊन उभे राहा. टाच जोरात दाबून बघा, बोटभर रुतली तर चालेल, घोट्यापर्यंत गेली तर दुसरीकडे सरका.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात अजिबात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये नऊनंतर वाळू तापते.

संडास

हे हेडिंग मुद्दाम एवढंच ठेवलंय, कारण यावरच लोक येणार की नाही ते ठरतं. आमच्या दुसऱ्या वर्षी तीन जणींनी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, का तर तिथे जायची सोय नसेल. उन्हात चार तास, पाणी न पिता! त्यातली एक चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हाला कळलं.

किनाऱ्यावरच्या सार्वजनिक संडासाला बहुतेक वेळा दोन पायऱ्या असतात, दरवाजा अरुंद असतो, आत भारतीय पद्धतीचं भांडं. जवळचं एखादं होमस्टे किंवा हॉटेल शोधा ज्यांची तळमजल्याची खोली कमोडवाली आहे, दिवसभरासाठी ती खोली भाड्याने घ्या. टेप घेऊन जा आणि बाथरूमचा दरवाजा मोजा, खुर्चीच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त हवा, मालक "होईल हो ॲडजस्ट" म्हणाला तरी मोजा. नाहीच मिळालं तर कमोड चेअर, चारी बाजूंनी पडद्याचा तंबू, बादली, हँडवॉश, आणि एक बाई एक पुरुष असे दोन जण फक्त त्याच कामाला. खोलीपासून पुळणीपर्यंत पायरी असेल तर रॅम्प १:१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. लोक तीन फुटाची फळी टेकवतात आणि रॅम्प झाला म्हणतात, ती घसरगुंडी असते.

वाळूतला रस्ता

चेन्नईच्या मरीना बीचवर नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटर लांब, ३ मीटर रुंद लाकडी रस्ता झाला, १ कोटी १४ लाखांचा. व्हीलचेअरवरची माणसं कोणी न उचलता समुद्रापर्यंत गेली. आणि महिनाभरही झाला नव्हता तर मंडूस चक्रीवादळाने त्याचा समुद्राकडचा तुकडा मोडला. मी हे निराश करायला नाही सांगत, उलट आपल्यासारख्यांनी पक्कं बांधकाम डोक्यातून काढावं म्हणून सांगतोय. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाची, परवानगी, खर्च, वर समुद्राचा मूड. आपल्याला सकाळी अंथरून दुपारी गुंडाळता येईल असा रस्ता हवाय.

परदेशात आणि आता आपल्याकडेही काही ठिकाणी प्लास्टिकच्या विणलेल्या गुंडाळी मॅट वापरतात, त्या मस्तच असतात पण महाग. आम्ही मंडपवाल्याकडे गेलो. पहिल्यांदा त्याने हिरवं कार्पेट दिलं, ते नुसतं वाळूवर टाकलं तर चाकाखाली गोळा होतं, साडीचा घोळ पायात यावा तसं. मग प्लायवूड. आठ बाय चारची शीट लांबीने एकापुढे एक टाकायची, रुंदी चार फूट मिळते, एका खुर्चीला पुरते. कोरड्या वाळूचा पट्टा दोनशे फूट असेल तर पंचवीस शीट, पुढे ओली वाळू लागली की गरज नाही. दर पाच-सहा शीटनंतर एक जादा बाजूला जोडा, समोरून येणाऱ्याला थांबायला, आणि शेवटच्या टोकाला दोन शीट शेजारी शेजारी म्हणजे खुर्ची जागेवर वळते.

शीटच्या कोपऱ्यांना भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधा, नाहीतर सांधे उचलतात आणि पुढचं चाक बरोबर तिथे अडकून माणूस तोंडावर येतो. खिळे ठोकू नका, कोणाच्या तरी पायात जातील आणि त्याला कळणारही नाही. प्लायवर वाळू साचली की ते घसरतं, म्हणून एक झाडूवाला पोरगा कायम. दोन्ही बाजूंना कमरेएवढी दोरी बांधली की कमी दिसणारे लोक तिला धरून स्वतःचे स्वतः खालीपर्यंत जातात.

खुर्चीबद्दल. रोजची व्हीलचेअर मऊ वाळूतून ढकलूच नका, उलटी फिरवा, थोडी मागे कलवा म्हणजे पुढची छोटी चाकं अधांतरी होतात, आणि मागे मागे ओढत न्या. एवढ्या एका युक्तीने चार माणसांचं काम दोघांवर येतं. बीच व्हीलचेअर मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिची फुग्यासारखी जाड चाकं वजन पसरवतात. गावच्या फॅब्रिकेटरकडून पीव्हीसी पाईपची किंवा स्टेनलेसची बनवून घेतात लोक, चाकं मात्र खरी रुंद घ्या आणि हवा टम्म भरू नका, थोडी मऊच ठेवा, टम्म चाक वाळू कापत जातं. आणि दहा जणांना एकच खुर्ची असेल तर ती खेळायला नाही, ने-आण करायला वापरा. खेळ जमिनीवर बसून.

आता खेळ

सगळ्यात यशस्वी म्हणाल तर सिटिंग व्हॉलीबॉल. १९८० पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, कोर्ट १० बाय ६ मीटर, नेट पुरुषांना १.१५ मीटर आणि बायकांना १.०५. मुख्य नियम एकच, बॉल मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. खरा खेळ सपाट फ्लोअरवर सरकत सरकत असतो, वाळूत तेवढं सरकता येत नाही म्हणून आम्ही कोर्ट लहान करतो आणि एका बाजूला सहाच्या जागी सात जण बसवतो. याची गंमत म्हणजे धडधाकट पोरांना पण खाली बसवायचं. ज्यांना चालता येतं ते पहिली दहा मिनिटं उचलूनच मारतात, सवयच असते, आणि मामेभाऊ, ज्याचे हात खुर्ची ढकलून ढकलून खांबासारखे झालेत, तो त्यांना एकही पॉइंट देत नाही. स्कोअरची वही त्या वर्षी माझ्याकडे होती. आखणीला चुना वापरू नका, बसणाऱ्यांच्या कातडीला आणि डोळ्यांना त्रास, रुंद रंगीत पट्टी टोकांना पिशवीत वाळू भरून पुरा. आणि कोर्टवरची वाळू आधी पंज्याने विंचरा, शिंपले, काचा, मासेमारीचे गळ, सगळं निघतं.

दृष्टिहीन खेळाडूंच्या बाबतीत आम्ही सपशेल आपटलो होतो, ते ऐका. घुंगरांचा फुटबॉल आणला, मोठ्या हौसेने मैदान आखलं, आणि बॉल वाजेचना. वाळूत तो घरंगळतच नाही, टप्पा पडला की तिथेच बसतो, वरून लाटांचा आवाज. त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, बॉल कॅरीबॅगमध्ये घालून बांधा. बांधला. सर्र सर्र वाजायला लागला. मैदान पण पाण्यापासून लांब, घट्ट वाळूवर नेलं आणि बघ्यांना गप्प बसवलं, टाळ्या गोल झाल्यावरच. बॉलकडे जाताना "वॉय" म्हणून ओरडायचं हा नियम कडक पाळा, नाहीतर कपाळमोक्ष. गोलकीपर दिसणारा, गोलच्या मागे एक जण बोलून दिशा देणारा. सोपं हवं असेल तर जोडीने पळणं, हातात वीतभर दोरी, पळणाऱ्याचा वेग पळणाऱ्याने ठरवायचा, गाईडने ओढायचं नाही. ओल्या वाळूवर सरळ रेषेत पळायला समुद्राचा आवाजच कामी येतो, डावीकडे लाट ठेवून चल म्हटलं की झालं. आणि रस्सीखेच! तिला कुठलाच बदल लागत नाही.

हातापायांवर ताबा कमी असणाऱ्यांना बोचिया. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू नेऊन ठेवायचा, सहा लाल, सहा निळे. हातच चालत नसेल तर उतरत्या पन्हाळीवरून सोडायचा, प्लंबरकडचा अर्धा चिरलेला पाईप छान चालतो. फक्त हे वाळूवर नको, दोन-चार प्लाय टाकून वर कार्पेट ताणून बांधा. चेंडू नसतील तर जुन्या सॉक्समध्ये वाळू भरून शिवा. लगोरी बसून खेळता येते, फोडणारे बसून आणि रचणारे पण बसून. लंगडी ठेवायची की नाही यावर आमची मीटिंगमध्ये फार कुजबुज झाली, कोणाला वाईट वाटेल का वगैरे, तर एक पाय नसलेला आमचा मित्र म्हणाला ठेवा की, त्यात मी स्टेट लेव्हलचा आहे.

ऐकू न येणाऱ्यांसाठी शिट्टीच्या जोडीला झेंडा, दोन्ही एकदम. बस्स, बाकी त्यांना काही नको असतं, पण सूचना सांगताना तोंड त्यांच्याकडे आणि सूर्य तुमच्या पाठीशी नको, नाहीतर त्यांना तुमच्या तोंडाच्या जागी काळोख दिसतो. साईन लँग्वेज येणारा एक माणूस मिळवाच. ऑटिझमवाल्या मुलांसाठी डीजे नको, एक शांत तंबू कडेला, आणि दिवसाचा क्रम चित्रांत काढून आदल्या दिवशी पाठवा.

पाण्यात जाताना

इथे ढिलाई नाही. आईवडील घाबरतात, बरोबरच आहे, पण सरसकट नाही म्हणू नका. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या, १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण त्यांनीच आणलं. करमाळ्याच्या सुयश जाधवला दोन्ही हात नाहीत, २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत बटरफ्लायला सुवर्ण. अर्थात ते तलावात आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने. समुद्रात आपण कमरेच्या वर जायचं नाही, एका माणसामागे दोन पोहणारे, आणि लाईफगार्ड समोर उभा असेल तरच.

लाईफ जॅकेट आधी एखाद्या टँकमध्ये घालून बघा. पाय जड किंवा ताठ असतील तर तेच जॅकेट माणसाला पालथं करू शकतं. व्हीलचेअरला माणूस बेल्टने बांधून पाण्यात कधीच नाही, खुर्ची उलटली तर? खुर्ची लाटेला आडवी धरायची नाही. ट्रकच्या ट्यूबा आणू नका. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, शाळेत वाचलं असेल, तर ट्यूबवर बसलेला माणूस गुपचूप आत आत जातो आणि त्याला पाय मारता येत नाहीत. श्रवणयंत्र काढून पाण्यात गेलेल्याला हाक ऐकू येत नाही, त्याच्याशी हाताच्या खुणा आधीच ठरवा. फिट येणाऱ्याचा हात सोडायचा नाही.

अंगाची काळजी

कण्याला इजा असलेल्यांना खाली कळत नाही, त्यामुळे तापलेली वाळू, तापलेला खुर्चीचा पत्रा, तुटकं कालव, काही लागलं तरी पत्ता नसतो. पायात बूट हवेतच, आणि दर तासाला पाय बघायचे. दर वीस-तीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायचं, नाहीतर एक दिवसाच्या खेळापायी महिनाभराची जखम. इजा वरच्या भागात असेल तर खाली घाम येत नाही, अंग तापत जातं, स्प्रेची बाटली आणि ओला पंचा जवळ ठेवा. आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला तर ऊन लागलं म्हणून आडवं करू नका! ताठ बसवा, लघवीची नळी मुडपलीय का बघा, पट्टे सैल करा, आणि १०८ ला फोन लावा. हे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ पाहिजे. कृत्रिम पाय लावणाऱ्यांच्या सॉकेटमध्ये, म्हणजे पाय जिथे बसतो त्या वाटीत, वाळू गेली की कातडी सोलते, मध्ये मध्ये काढून धुवायला गोडं पाणी आणि बसायला स्टूल द्या.

स्वयंसेवकांना आदल्या दिवशी दोन तास बोलवा आणि व्हीलचेअरवर बसवून वाळूतून ओढा, डोळे बांधून चालवा, भाषणापेक्षा ते बरं. नियम दोनच सांगा, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. दृष्टिहीन माणसाला ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो धरेल. उद्घाटनाला पुढारी आले तर भाषण सावलीत आणि पाच मिनिटं, कारण ओहोटी त्यांच्यासाठी थांबत नाही. आणि गोव्याला २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, जमलं तर दोघातिघांनी एकदा जाऊन बघून या, अशा कामाची माणसं तिथे भेटतात.

आवरताना

भरतीचं पाणी खेळाच्या पट्ट्यापर्यंत चढायच्या तासभर आधी खेळ बंद, कारण परतीला जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, सगळे दमलेले असतात आणि वाट चढाची असते. सगळी माणसं वर गेली की मगच प्लाय उचला. आम्ही एकदा घाईत आधी उचललं आणि दोघं खाली राहिले.

घरी पोचल्यावर नाही, तिथेच, प्रत्येक व्हीलचेअर गोड्या पाण्याने धुवा, खास करून पुढच्या चाकांची बेअरिंग, मग फडक्याने पुसून तेल. खारं पाणी आणि वाळू आत राहिली तर आठवड्यात चाक करकरायला लागतं आणि त्या माणसाचे पाय म्हणजे तीच खुर्ची. यासाठी पाण्याचा टँकर नाहीतर होमस्टेच्या विहिरीवरचा पाईप आधीच बोलून ठेवा. मामेभावाच्या खुर्चीतून तरी पंधरा दिवस वाळू गळत होती, मामी रोज केर काढताना आमच्या नावाने बोंब मारायची आणि हा बसल्या जागेवरून विचारायचा, पुढची चतुर्थी कधी आहे गं.